सेंटिमीटरला चाळीस टन

जपानमध्ये कोळसा उतरवून झाला आणि पुढचा हुकूम आला : नौरूला जायचं, फॉस्फेट, म्हणजे खताचं खनिज, भरायचं, ऑस्ट्रेलियाला न्यायचं. २००८ चा ऑक्टोबर होता. थर्ड ऑफिसर म्हणून माझी ती पहिलीच फेरी. संध्याकाळची वॉच संपल्यावर मी चार्ट काढून बघितला. विषुववृत्ताच्या खाली जेमतेम ५५ किलोमीटरवर एक अंडाकृती ठिपका, बाकी सगळा प्रशांत महासागर. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. शेजारी म्हणावं असं सगळ्यात जवळचं बेट म्हणजे किरिबातीचं बनाबा, तेही ३०० किलोमीटर पूर्वेला. आमच्या वेंगुर्ले तालुक्यात अशी दहा नौरू सहज मावतील, आणि हा एक स्वतंत्र देश आहे. त्याला संसद आहे, राष्ट्राध्यक्ष आहे, संयुक्त राष्ट्रांत त्याचं स्वतःचं मत आहे.

मी रेडीचा. लोखंडाच्या खाणीचं गाव. आमच्याकडे पावसाळ्यात ओहोळाला लाल पाणी येतं आणि उन्हाळ्यात माडांच्या झावळ्यांवर लाल धूळ बसते. गावातली द्विभुज गणपतीची मूर्तीसुद्धा १९७६ साली खाणीतच सापडलेली. लहानपणी बंदरावर उभं राहून बार्जमधून खनिज जाताना बघायचो. ते पुढे कुठे जातं, कोण भरतं, कसं मोजतं, याचं मला फार कुतूहल. त्या कुतूहलानंच पुढे मला समुद्रावर आणलं. त्यामुळे खाणीच्या देशाला जायचं म्हटल्यावर मी जरा जास्तच आतुर होतो.

आठ दिवसांचा प्रवास सगळा होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातली मालाची कोठारं, धुण्यात गेला. आधीचा माल कोळसा, म्हणजे एकूण एक पट्टी, एकूण एक कोपरा खरवडून काढायचा. आधी खाऱ्या पाण्याचा फवारा, मग गोड्या पाण्यानं खळबळायचं, मग सुकवायचं. कोपऱ्यात मूठभर काळी भुकटी राहिली तरी माल नाकारला जाऊ शकतो. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आमच्याच बाजूचा, मालवणचा. पोरांना ओरडत ओरडत त्याचा घसा बसला.

पोचलो तेव्हा आमच्या आधीचं एक जहाज बोयांना, म्हणजे साखळीनं तळाला जखडलेल्या तरंगत्या पिंपांना, बांधलेलं होतं. थांबायचं म्हणजे नांगर टाकायचा, हे जहाजावरचं साधं गणित, पण नौरूला ते चालत नाही. बेट म्हणजे समुद्राच्या तळातून उठलेल्या एका डोंगराचा माथा आहे. भोवती प्रवाळाची अरुंद पट्टी, आणि ती संपली की तळ एकदम शेकडो मीटर खाली. नांगराची साखळी पुरायचीच नाही. म्हणून इंजिन बंद करून जहाज वाहू द्यायचं, वीस-पंचवीस मैल वाहून गेलं की परत इंजिन चालू करून जागेवर यायचं. असे चार दिवस काढले. रात्री वॉचवर असताना बेटावरचे दिवे दिसायचे. मोजता येतील इतके, आणि त्यातले काही मध्येच विझायचे. तिथे तेव्हा वीज पाळीपाळीनं मिळायची.

पाचव्या दिवशी सकाळी जहाज जागेवर लावून देणारे पायलट वर आले आणि बांधणी सुरू झाली. मी पुढच्या बाजूला, फोक्सलवर होतो. नौरूला धक्का नाही. पश्चिम किनाऱ्यावर, ऐवो नावाच्या भागात, प्रवाळाच्या काठावरून दोन प्रचंड लोखंडी भुजा समुद्रावर पुढे आलेल्या आहेत. त्यांना कँटिलिव्हर म्हणतात. पहिली १९३० ची, दुसरी नंतरची. जहाजानं त्यांच्याखाली, काठाला समांतर, बोयांच्या मध्ये उभं राहायचं. या बोयांच्या साखळ्या जगातल्या सगळ्यात खोल बांधलेल्या साखळ्यांत मोजल्या जातात. स्थानिक पोरं लाँचमधून आमचे दोर घेऊन जात आणि डुचमळत्या बोयावर उडी मारून आकड्यात अडकवत. अनवाणी पाय, अंगात टी-शर्ट. हर्णैला तांडेल होडीवरून होडीवर जातात तितक्या सहज. एकेक दोर ताणायचा, दुसरा सैल सोडायचा, असं करत करत तीन तासांनी जहाज जागेवर आलं. पलीकडे लाटा फुटताना दिसत होत्या, इतका काठ जवळ.

पायलटनी पहिल्याच तासात बजावलं, वारा पूर्वेचा आहे तोवर काळजी नाही, तो जहाजाला बेटापासून लांब ठेवतो. पण नोव्हेंबरच्या तोंडावर पश्चिमेची हवा सुरू होते. ती आली की वाट बघायची नाही, दोर सोडायचे आणि बाहेर निघायचं. इंजिन सतत तयार ठेवा.

मग भुजा वळली, पट्टा फिरायला लागला, आणि तीन नंबरच्या होल्डमध्ये पहिली धार पडली. फिकट तपकिरी, कोरडी, पिठासारखी बारीक, मध्ये खडे. दहा मिनिटांत अख्खं डेक त्याच रंगाचं झालं. कानात, पापण्यांवर, चहाच्या कपात तेच. आमच्या घरची धूळ लाल, ही मातकट, पण घशाला लागणारी चव मात्र मला ओळखीची वाटली.

याच मातीनं नौरूचं सगळं नशीब लिहिलं. आल्बर्ट एलिस नावाचा माणूस सिडनीच्या एका कंपनीत काम करायचा. तिथे दाराला अडणा म्हणून एक दगड ठेवलेला असे. नौरूहून आणलेला, अश्मीभूत लाकूड समजून. १८९९ मध्ये एलिसनं तो तपासला आणि ते उत्तम प्रतीचं फॉस्फेट निघालं. बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. १९०७ पासून खोदकाम सुरू झालं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी मिळून कमिशन नेमलं आणि आपापल्या शेतांसाठी हे खत स्वस्तात नेलं. सुरुवातीला जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी मिळायचा. ही माहिती मला पुस्तकातून नंतर मिळाली. त्या आठवड्यात ज्यांनी ती पहिल्यांदा कानावर घातली, त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

लोडिंगच्या मोजणीसाठी किनाऱ्याकडून एक गृहस्थ येत. साठीचे, भारदस्त, आवाज मऊ. माझी त्यांच्याशी जोडी लागली, कारण ड्राफ्टच्या, म्हणजे जहाज पाण्यात किती बसलंय ते दाखवणाऱ्या, खुणा वाचायचं काम थर्ड ऑफिसरचं. नाव सांगत नाही, मनात मी त्यांना काकाच म्हणायचो. २६ ऑक्टोबरला रविवार होता आणि बेटावर सुट्टी होती. लोडिंग बंद. काकांनी विचारलं, बेट बघायचंय का? कॅप्टनसाहेबांनी चार तासांची परवानगी दिली. मी, सेकंड इंजिनिअर आणि गोव्याचे आमचे चीफ कुक, असे तिघे लाँचनं उतरलो. खिशात कॅप्टनकडून घेतलेले ऑस्ट्रेलियन डॉलर. नौरूचं स्वतःचं चलन नाही, आणि त्या काळात तिथे चालू बँकही नव्हती. सगळा व्यवहार रोख.

सुट्टी कशाची, ते काकांनी पिकअप चालवता चालवता सांगितलं. त्या दिवसाला अंगाम म्हणतात, म्हणजे घरी येणं. पहिल्या महायुद्धानंतर साथीच्या रोगांनी माणसं इतकी कमी झाली, की ऑस्ट्रेलियन प्रशासकानं म्हटलं, दीड हजार लोकसंख्या झाल्याशिवाय जमात म्हणून टिकाव लागणं कठीण, आणि ती झाली की सण करू. १९३२ च्या २६ ऑक्टोबरला एक मुलगी जन्मली आणि तो आकडा गाठला गेला. एका बाळाच्या जन्मावरून देशाचा सण! रस्त्यात प्रत्येक घरापुढे माणसं जमलेली, भाताचे मोठे टोप, मुलं फुलांच्या माळा घालून. आम्हाला दोन ठिकाणी थांबवून खायला घातलं. 'एकामोविर ओमो' म्हणजे नमस्कार आणि 'तुब्वा कोर' म्हणजे आभार, हे दोन शब्द मी तिथेच शिकलो.

पण तो आकडा पुन्हा मोडला. १९४२ मध्ये जपानी आले. १९४३ मध्ये त्यांनी सुमारे १,२०० नौरूवासीयांना जहाजांत भरून मायक्रोनेशियातल्या ट्रूक बेटांवर मजुरीला नेलं. त्यांतले ७३७ परत आले, १९४६ च्या ३१ जानेवारीला. काकांच्या आई त्या ७३७ मधल्या एक. आईंची थोरली बहीण तिकडेच वारली. हे सांगताना काकांनी गाडीचा वेग कमी केला, बाकी काही नाही. पुढे १९६८ मध्ये स्वातंत्र्य घेताना नौरूनं तारीख निवडली ती हीच, ३१ जानेवारी.

आईचा उल्लेख तिथे नुसता मायेपोटी येत नाही. कूळ आईकडून ठरतं. मूळ कुळं १२, त्यांतली दोन आता उरलेली नाहीत, तरी झेंड्यावरच्या पांढऱ्या ताऱ्याला टोकं बाराच आहेत. निळ्या रंगावर एक पिवळी रेघ, ते विषुववृत्त. आणि तारा त्या रेघेच्या जरा खाली. चार्टवर मी पाहिलेला ठिपका अगदी तसाच होता.

बेटाला वळसा घालणारा रस्ता १९ किलोमीटरचा. सावकाश गेलं तरी तासात परत त्याच जागी. देशाला अधिकृत राजधानी नाही. यारेन भागात विमानतळासमोर संसद आहे, तिलाच लोक केंद्र मानतात. तेव्हा १८ खासदार होते (आता १९ आहेत). त्याच वर्षी नऊ विरुद्ध नऊ अशी कोंडी होऊन एप्रिलमध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली होती. राष्ट्राध्यक्ष थेट निवडत नाहीत, खासदार आपल्यातूनच निवडतात. तेव्हाचे मार्कस स्टीफन हे वेटलिफ्टर. राष्ट्रकुल स्पर्धांत सात सुवर्णपदकं मिळवलेला माणूस देश चालवत होता. मतदान सक्तीचं आहे आणि पद्धत त्यांची स्वतःची. सगळ्या उमेदवारांना क्रम द्यायचा. पहिल्याला एक मत, दुसऱ्याला अर्धं, तिसऱ्याला एक तृतीयांश, असं करत बेरीज. दहा हजारांच्या आसपास वस्तीच्या देशात तुम्ही कोणाला दुसरं ठेवलंत हेही मोजलं जातं, ही गोष्ट मला फार आवडली.

मग काकांनी गाडी वर घेतली. त्या भागाला ते टॉपसाइड म्हणतात.

मी खाणी पाहिलेला माणूस आहे. आमच्याकडे डोंगर कापतात, पायऱ्या पडतात, खड्ड्यात पाणी साठतं. इथे तसं काही नव्हतं. फॉस्फेट प्रवाळाच्या सुळक्यांमध्ये भरलेलं होतं. ते उपसून काढलं आणि सुळके तेवढे उरले. दोन-तीन पुरुष उंच, करडे-पांढरे, काही त्याहून उंच, नजर जाईल तिथवर. मध्ये चालायला जागा नाही, झाड लावायला माती नाही. बेटाचा सुमारे ८० टक्के भाग असा. माणसं राहतात ती किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर आणि आत बुआडाच्या तळ्याकाठी. दुपारचं ऊन त्या दगडांवरून परत अंगावर येत होतं. चीफ कुक मामा गाडीतून उतरले आणि न बोलता परत आत बसले.

काकांनी एका दिशेला हात केला. तिकडे त्यांच्या आईची जमीन. सुळक्यांशिवाय काहीच दिसत नव्हतं. त्यांना मात्र हद्द कुठून कुठवर ते नेमकं ठाऊक होतं.

१९६४ मध्ये ऑस्ट्रेलियानं अख्ख्या लोकांना क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर हलवायचा बेत मांडला होता. हॅमर डीरोबर्ट, जे पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आणि लोकांनी नकार दिला, कारण तिथे स्वतःचं राज्य मिळणार नव्हतं. उद्योग विकत घेऊन १९७० पासून नौरूनं तो स्वतः चालवला. मग आला तो पैशाचा काळ. दरडोई उत्पन्नात जगातल्या वरच्या देशांत नाव, आयकर नाही, स्वतःची विमान कंपनी, मेलबर्नमध्ये ५२ मजल्यांची नौरू हाउस इमारत, ट्रस्टमध्ये शंभर कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर ठेव. माल संपत आला, गुंतवणुकी बुडाल्या, कर्ज चढलं. ती इमारत २००४ मध्ये विकली गेली. २००५ च्या डिसेंबरात शेवटचं विमान सावकारानं ताब्यात घेतलं. लोक नौरूच्या उधळपट्टीच्या गोष्टी चवीनं सांगतात. लंडनमध्ये १९९३ मध्ये पैसे घालून काढलेलं संगीत नाटक तर हमखास निघतं. मला ते ऐकवत नाही. पहिली साठ-सत्तर वर्षं हा माल कुणी कुठल्या भावानं नेला ते त्याच्या आधी सांगायला हवं. नौरूनं १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. १९९३ मध्ये १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. त्याआधी जमिनीच्या नुकसानीची चौकशी करणाऱ्या आयोगाचे प्रमुख श्रीलंकेचे कायदेपंडित ख्रिस्तोफर वीरमंत्री होते, हे मला पुढे कळलं तेव्हा आपल्याच शेजारच्या माणसाचं नाव वाचल्यासारखा आनंद झाला.

परत येताना बुआडाच्या तळ्यावर थांबलो. भोवती माड आणि केवड्याच्या जातीची झाडं, आणि अर्ध्या तासापूर्वीच्या सुळक्यांनंतर ती हिरवी सावली. पूर्वी इथे घराघराचे पाण्यात वाटे आखलेले असत. समुद्रावरून पिल्लं आणून प्रत्येक घर आपापल्या वाट्यात दूधमासा वाढवी. बाहेरून आणलेला तिलापिया मासा तळ्यात शिरला आणि ती शेती बिघडली. आता दुकानात तांदूळ, डबाबंद मांस, साखर, सगळं जहाजानं येतं. १९७५ च्या सुमाराच्या पाहणीत तिथल्या प्रौढांत तिघांमागे एकाला मधुमेह आढळला होता. काका स्वतः इन्सुलिन घ्यायचे. नदी नाही, ओहोळ नाही, पाणी पावसाचं नाहीतर समुद्राचं गोडं केलेलं. सॅटेलाइट फोनवरून आईला हे सांगितलं तर तिनं पहिलं विचारलं, "थंय लोक पाणी खंयचा पितत रे?"

२८ तारखेला लक्ष्मीपूजन. मामांनी शंकरपाळे केले, मेसमध्ये फोटोपुढे दिवा लावला. रात्री वॉचला डेकवर उभा होतो तर अमावास्येच्या काळोखात प्रवाळाच्या काठावर कंदिलांचे ठिपके हलताना दिसले, मासे पकडणाऱ्यांचे. वर पट्टा चालू, धार पडते आहे, होल्ड भरतो आहे.

एकोणतिसाव्या पहाटे वारा फिरला. पायलटनी सांगितलं होतं तसंच झालं. वीस मिनिटांत होल्डची झाकणं बंद केली, दोर सोडले, बाहेर निघालो. दीड दिवस वाहत राहिलो, मग पुन्हा तीच तीन तासांची बांधणी.

गेली कित्येक वर्षं मी नौरूची बातमी दिसली की वाचतोच. आता देशाचा मोठा आधार समुद्र आहे. भोवतीचं सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर पाणी त्यांचं. शेजारी देशांबरोबर मिळून ते ट्यूनाच्या जहाजांना मासेमारीचे दिवस विकतात. ऑस्ट्रेलियानं २००१ मध्ये आश्रय मागणाऱ्यांची छावणी तिथे घातली. मी गेलो त्याच वर्षी ती बंद झाली होती, २०१२ मध्ये पुन्हा उघडली, आणि तो पैसाही बजेटात आला. कुणाच्या तरी कोंडवाड्यावर देश चालावा हे मला बोचतं. पण ज्यांनी ही वेळ आणली त्यांनाच त्याचा जाब विचारायला हवा. २०२४ च्या जानेवारीत तैवान सोडून त्यांनी चीनला मान्यता दिली. २०२५ मध्ये त्यांनी १,०५,००० अमेरिकन डॉलरपासून नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. वाढत्या समुद्रापासून वस्ती टॉपसाइडवर, त्याच सुळक्यांच्या जागी, हलवायला पैसा हवा म्हणून. ते वाचलं तेव्हा काकांच्या आईची हद्द डोळ्यापुढे आली.

शेवटची मोजणी ड्राफ्ट सर्व्हेची. जहाज पाण्यात किती बसलं यावरून माल किती चढला ते काढतात. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना अशा सहा जागी आकडे रंगवलेले असतात. आमचं जहाज एक सेंटिमीटर खाली बसलं की साधारण ४० टन माल चढला असं समजायचं. बंदरातल्या शांत पाण्यात हे दहा मिनिटांचं काम. इथे लाँच खालीवर होतेय, पाणी खुणेवर मीटरभर चढतंय-उतरतंय. लाटेचा वरचा आकडा, खालचा आकडा, असे दहा वेळा घ्यायचे आणि मध्य काढायचा.

समुद्राकडच्या बाजूची मधली खूण मी वाचली. काकांनी मान हलवली. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त होता. मधल्या खुणेचा हिशेबात भार सगळ्यात मोठा, त्यामुळे फरक तीस टनांच्या आसपास. २६,००० टनांच्या मालात तीस टन कुणी धरत नाही. चीफ ऑफिसर वरून हाक मारत होते, लवकर आटपा म्हणून. काका हललेच नाहीत. त्यांनी लाँच खुणेच्या अगदी खाली घ्यायला लावली, चश्मा पुसला, आणि दोघांनी मिळून पुन्हा वाचायचं म्हणाले. त्यांच्या आजोबांच्या वेळी आकडा दुसरेच लिहायचे, एवढं एकच वाक्य बोलले.

आम्ही वीस लाटा मोजल्या. मोठ्यानं, एक मी, एक ते. त्यांचाच आकडा बरोबर निघाला. मी माझा खोडला आणि शेजारी सही केली.

त्या रात्री केबिनमध्ये मी हिशेब केला. आमच्या होल्डमध्ये सुमारे वीस हजार घनमीटर माती होती. क्रिकेटच्या मैदानावर पसरली तर छातीपर्यंत येईल. एका जहाजाची.

संध्याकाळी चारला शेवटचा दोर सुटला. काका लाँचमध्ये उभे होते. 'तारावोंग' म्हणाले, म्हणजे निरोप. बेटाचा सगळ्यात उंच माथा साठ-सत्तर मीटरचा, त्यामुळे ते फार वेळ दिसत नाही. वॉचवर गेलो तेव्हा काळोख झाला होता आणि मागे काही नव्हतं. लॉगबुक उघडलं, ड्राफ्टच्या रकान्यात सहाही आकडे लिहिले. मधल्या खुणेचा आकडा पुन्हा एकदा कागदाशी ताडून पाहिला.